यतीम मुलांची खिदमत : परदेशी जाण्यापूर्वी

परदेशी जाऊन सेवा करावी, अशी इच्छा आपल्या समाजातील शिकलेल्या मुला-मुलींना होऊ लागली आहे. केनियातील यतीमखान्यात दोन-तीन आठवडे राहा, मुलांना शिकवा, त्यांच्याशी खेळा, अशा जाहिराती मोबाईलवर येतात. 'मुलाला पाठवावे का?' असे पालक आम्हा शिक्षकांना विचारतात. हेतू नेक आहे, यात शंका नाही. पण नेक कामाची पद्धतही तपासावी लागते.

जगभरच्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. आफ्रिकेतही हेच दिसते. गरिबी, आजारपण, शाळेचा खर्च यांमुळे घरचे लोक त्यांना तिथे ठेवतात. परदेशी पाहुणे आणि देणग्या वाढल्या, की काही संस्थाचालक खेड्यांतून आणखी मुले आणतात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतील अशा पाहुण्या स्वयंसेवेबद्दल चिंता नोंदवली. रवांडाने २०१२ पासून अनाथालये बंद करून मुलांना कुटुंबांत परत नेण्याचे धोरण राबवले. केनियानेही २०२२ मध्ये त्यासाठी दहा वर्षांचा आराखडा आखला.

शिवाय लहान मुलाला पंधरा दिवसांत लळा लागतो. मग ताई-दादा निघून जातात आणि नवे येतात. वर्षाच्या मध्येच बाई बदलल्या तर आपल्या वर्गातील मुले बावरतात. ज्यांना घरच नाही, त्यांचे काय होत असेल?

आपले पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. ते वाढले आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि मग चाचा अबू तालिब यांच्या घरी. यतीमाला नात्यात, घरात सांभाळण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

कुवेतचे डॉ. अब्दुर्रहमान अस्सुमैत यांचे उदाहरण घ्या. पोटाच्या विकारांचे हे तज्ज्ञ डॉक्टर १९८० च्या दशकापासून जवळजवळ तीन दशके आफ्रिकेत राबले. मधुमेह असूनही ते खेडोपाडी फिरत राहिले. त्यांच्या संस्थेने विहिरी खोदल्या, शाळा आणि दवाखाने उभारले. १९९६ मध्ये मिळालेल्या किंग फैसल पुरस्काराची रक्कम त्यांनी आफ्रिकी मुलांच्या शिक्षणाला दिली. २०१३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांनी उभे केलेले काम मात्र तिथल्या माणसांच्या हाती चालू राहिले.

म्हणून पालकांनी संस्थेला आधी विचारावे : मुलांचे नातेवाईक शोधले जातात का? येणाऱ्याची पोलीस पडताळणी होते का? मुलांसोबत फोटो काढण्यावर बंधन आहे का? आपण घेतलेली जागा तिथल्या एखाद्या शिक्षिकेची रोजी तर नाही ना? परवाना कोणता लागेल? पर्यटक व्हिसावर काम करणे बेकायदेशीर ठरू शकते. उत्तरे टाळली गेली, तर तिकीट काढू नये.

ज्याच्या हातात हुनर आहे, त्याने तिथल्या शिक्षकांना किंवा परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे, आणि जमल्यास वर्षभर राहावे. स्वाहिलीही थोडी शिकावी. तिच्यात किताब 'किताबू' आहे, मुअल्लिम 'म्वालिमू' आहे आणि दुनिया तर 'दुनिया'च आहे. नैरोबी-मोंबासात कोकणी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्याकडून तिथली खरी गरज समजू शकेल.

आणि जाणे जमले नाही, तर तिकिटाचे पैसे एखाद्या विधवा आईला आपले मूल घरीच ठेवता यावे यासाठी पाठवावेत. त्या मुलाला आपला चेहरा कधी दिसणार नाही, पण आईचा रोज दिसेल. अल्लाहच्या दरबारी हीसुद्धा यतीमाची खिदमतच आहे.