प्रोटॉनचा फॉरवर्ड आणि मामाची पाण्याची बाटली

घरात कुणाला मोठं आजारपण निघालं की गुगल करायचं काम कुणाकडे येतं? बरोबर, कॉलेजात शिकणाऱ्याकडे. गेल्या वर्षी आमच्याकडे ते माझ्यावर आलं. मामाला टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. (हो, तंबाखू मळायचा.) डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं आणि त्याच रात्री फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड पडला: 'प्रोटॉन थेरपी, साइड इफेक्ट शून्य.' आजी शेतीचा तुकडा विकायला निघाली. 'तू मास कॉम केलंस ना, मग शोधून सांग,' मावशी म्हणाली. उद्या तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून मला जे कळलं ते सांगते.

आधी थोडं फिजिक्स. नेहमीच्या रेडिएशनमध्ये लिनॅक नावाच्या मशीनमधून ताकदीचे एक्स-रे सोडतात. ते शरीरात शिरतात, गाठीतून जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. वाटेत जे येईल त्याला डोस बसतो. प्रोटॉनचं तसं नसतं. त्याला प्रकाशाच्या साधारण ६० टक्के वेगापर्यंत पळवतात. शरीरात शिरताना तो थोडीच ऊर्जा देतो. वेग मंदावत जातो तशी जास्त देतो, आणि जिथे थांबायचं तिथे उरलेली सगळी ओतून थांबतो. शेवटच्या स्टॉपला एसटी एकदम रिकामी होते ना, तसं. याला 'ब्रॅग पीक' म्हणतात. त्याचा उपचारासाठी वापर करायची कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडली. कार्बन आयनही असेच थांबतात आणि पेशींना आणखी जबर मार देतात. जपानमध्ये चिबा इथे ते १९९४ पासून वापरात आहेत.

आता तोंड आणि घशाचाच विचार करा. थोड्याशा जागेत लाळेच्या ग्रंथी, जबडा, स्वरयंत्र, मज्जारज्जू, वर डोळ्यांच्या नसा. सगळी गर्दी. आणि लाळेची किंमत ती आटल्यावरच कळते. भाकरीचा घास फिरत राहतो, खाली उतरतच नाही. दात किडतात. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. काहींना महिनोन् महिने पोटात बसवलेल्या नळीवर राहावं लागतं. प्रोटॉनची सगळी आशा आहे ती इथेच: गाठीला डोस तेवढाच, शेजाऱ्यांना कमी.

मग फॉरवर्ड खरा? इथे मी अडखळले. कारण 'नेहमीचं' रेडिएशनही आता जुनं राहिलेलं नाही. आयएमआरटी नावाच्या पद्धतीत एक्स-रेची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून लाळग्रंथी वाचवता येतात. ब्रिटनमधल्या ९४ पेशंटच्या पार्स्पोर्ट चाचणीत (२०११) वर्षभरानंतर तोंडाच्या त्रासदायक कोरडेपणाचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होतं, तर आयएमआरटीत ३८ टक्के. म्हणजे प्रोटॉन न वापरताच एवढा फरक पडला!

खरी तुलना हवी ती प्रोटॉन आणि आयएमआरटीची. अमेरिकेत घशाच्या कॅन्सरच्या ४४० पेशंटवर ती झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात प्रोटॉन मागे पडला नाही, आणि नळी लागणाऱ्यांचं प्रमाण कमी दिसलं. पण ब्रिटनच्या टॉर्पेडो चाचणीत एक वर्षानंतर दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. आणि 'शून्य' तर कुणालाच दिसलं नाही. गाठ घशातच असेल तर घशाला डोस द्यावाच लागतो, तोंड येतंच.

गाठ कवटीच्या तळाशी किंवा डोळ्याला खेटून असेल, त्याच जागी दुसऱ्यांदा रेडिएशन द्यायचं असेल किंवा पेशंट लहान मूल असेल, तर प्रोटॉनची बाजू भक्कम होते. सोय भारतात आहे: चेन्नईत २०१९ पासून, आणि आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून. पण केंद्रं मोजकी आणि खासगीत खर्च लाखांत.

आमच्या डॉक्टरांना मी थेट विचारलं, 'सर, मामाच्या लाळग्रंथीला यात किती डोस जाईल? प्रोटॉनने किती कमी होईल?' त्यांनी कॉम्प्युटरवर प्लॅन उघडून दाखवला. गाठ एका बाजूला होती, दुसऱ्या बाजूची ग्रंथी बऱ्यापैकी वाचत होती. मग म्हणाले, 'लांबच्या मशीनसाठी दोन महिने थांबलात, तर गाठ थांबणार नाही.' सुरू केल्यावर मधे खंड पाडायचा नाही, हेही बजावलं. आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ते तर आमच्या डोक्यातही नव्हतं. तुम्हीही हे प्रश्न विचारा, लाजू नका. प्लॅन बघायला मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

शेवटी आयएमआरटीच ठरलं. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, ३५ वेळा. दर वेळी चेहऱ्यावर जाळीचा प्लॅस्टिक मास्क घट्ट बसवून. पाचव्या आठवड्यात मामा पाणी गिळतानाही रडायचा. माझं सगळं वाचन तेव्हा काही कामाला आलं नाही.

आता आठ महिने झालेत. ठेचा अजून झेपत नाही, भाकरी आमटीत कुस्करून खातो. आजीचा तुकडा शाबूत आहे. मामाने यंदा त्यात हरभरा पेरलाय. पाण्याची बाटली मात्र बांधावर कायम लागते.