विश्लेषण : चळवळींची जुनी पत्रके, अंक, पोस्टर इतके मौल्यवान का? ते रद्दीत गेल्यास काय हरवते?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती अवघ्या ५००, किंमत नऊ आणे. विधवांवरील बंधने आणि पुरुषांचा दुटप्पीपणा यांचा रोखठोक हिशेब मांडणाऱ्या या पुस्तकावर तेव्हा टीका झाली. महात्मा जोतिराव फुले यांनी 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे मात्र हे पुस्तक विस्मरणात गेले. अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले, तोवर नऊ दशके उलटून गेली होती. भारतातील स्त्रीवादी लेखनाच्या आरंभीच्या ग्रंथांत आज त्याची गणना होते. म्हणजे एका पुस्तकाचे इतिहासातील स्थान जुन्या प्रतीच्या टिकण्यावर अवलंबून होते. सत्तेला, रूढीला किंवा भांडवलाला आव्हान देणाऱ्या अनेक चळवळींच्या छापील साहित्याची हीच गोष्ट आहे.

या संग्रहात नेमके काय मोडते?

पुस्तके हा या संग्रहाचा लहान भाग. जास्त महत्त्व असते ते हातोहात वाटल्या जाणाऱ्या कागदांना : सभेची हँडबिले, मोर्चाची पत्रके, संपाच्या मागण्यांची यादी, जाहीरनामे, भिंतीवरची पोस्टर, सायक्लोस्टाइल केलेले अंक, वर्गणीच्या पावत्या, सभासदत्वाची कार्डे. हे साहित्य एका दिवसासाठी किंवा आठवड्यासाठी छापलेले असते. सभा झाली की पत्रकाचे काम संपते. नेमके म्हणूनच ते पुढे मोलाचे ठरते. नेत्यांची आत्मचरित्रे नंतर, आठवणींना वळण देऊन लिहिली जातात. पत्रक मात्र त्या दिवशी कोणती मागणी पुढे होती, कोणाची नावे वर होती आणि सभा कोणत्या चौकात होती हे जसेच्या तसे सांगते.

हे कागद इतके दुर्मीळ का होतात?

पहिले कारण कागदाचे. स्वस्त छपाईसाठी वृत्तपत्री कागद वापरला जाई. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्यात लिग्निन हा घटक राहतो. प्रकाश आणि हवेमुळे लिग्निनचे विघटन होते, कागद पिवळा पडतो. कागदातील आम्ल त्याचे तंतू तोडते आणि घडीवर कागद तुटतो. त्यात कोकणपट्टीची दमट हवा, वाळवी आणि कसर यांची भर पडते.

दुसरे कारण व्यवस्थेचे. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवायची असते. कायद्याच्या व्याख्येत पुस्तिकाही येतात. पण रात्रीतून पत्रके छापणारा कार्यकर्ता ती ग्रंथालयात कशाला पाठवेल?

तिसरे कारण भीतीचे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाल्यावर वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली आणि भूमिगत पत्रके फिरू लागली. ती घरात सापडणे धोक्याचे होते. वाचून नष्ट करणे हाच शहाणपणा होता. त्यामुळे सर्वाधिक धोका पत्करून छापलेला कागदच सर्वात कमी उरतो.

बंदी घालणाऱ्यांनीच हे साहित्य जपले, ते कसे?

ब्रिटिश सरकारने १९१० च्या प्रेस कायद्यासह अनेक कायद्यांखाली हजारो प्रकाशने जप्त केली. जप्त केलेल्या साहित्याच्या प्रती पुरावा आणि नोंद म्हणून ठेवल्या गेल्या. हा साठा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अभ्यासक जेराल्ड बॅरियर यांचे 'बॅन्ड' हे १९७४ मधील पुस्तक आणि ग्रॅहम शॉ व मेरी लॉइड यांची १९८५ ची सूची याच साठ्यावर उभी आहे.

'गदर'चे उदाहरण बोलके आहे. सॅन फ्रान्सिस्कोतून १ नोव्हेंबर १९१३ रोजी या पत्राचा पहिला अंक उर्दूत निघाला. पाठोपाठ गुरुमुखी आवृत्ती आली. या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी देण्यात आले. भारतात येणारे अंक बंदरांवर आणि टपालात अडवले जात. ज्यांच्यासाठी ते छापले, त्यांच्यापर्यंत अनेक अंक पोहोचलेच नाहीत. सरकारी फायलीत मात्र ते राहिले.

महाराष्ट्रात कोणत्या साहित्याचा शोध घेतला जातो?

सत्यशोधक परंपरेतील 'दीनबंधु' १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी सुरू केले. त्याचे सुरुवातीचे अंक अत्यंत दुर्मीळ आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी आणि 'जनता' १९३० मध्ये सुरू झाले. 'जनता'चेच १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' झाले. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक राज्य सरकारने १९९० मध्ये एकत्रित ग्रंथरूपात आणले, त्यामुळे मजकूर वाचकांना खुला झाला. मूळ अंकाचे मोल तरीही कमी होत नाही, कारण कागद, मांडणी आणि जाहिराती यांतूनही त्या काळाची माहिती मिळते.

साठोत्तरी काळात लघुनियतकालिकांची चळवळ आली. 'शब्द'पासून अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' असे अंक तुटपुंज्या पैशांत आणि मोजक्या प्रतींत निघाले. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या विशेषांकात ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि वादळ उठले. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. पँथरचा १९७३ चा जाहीरनामा संघटनेतील फुटीचे एक कारण ठरला. या सर्वांच्या पहिल्या आवृत्त्या आणि मूळ प्रती आज संग्राहक शोधत असतात.

साठा एकाच ठिकाणी असला की धोकाही वाढतो. दादरच्या आंबेडकर भवनाची जुनी वास्तू आणि तेथील बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ रोजी पाडण्यात आला. त्याविरोधात मुंबईत मोठा मोर्चा निघाला. जुना दस्तऐवज ढिगाऱ्यात गेल्याचा आरोप त्या वेळी झाला. डिजिटल प्रती आधीच वेगवेगळ्या ठिकाणी असत्या तर निदान मजकुराची चिंता उरली नसती.

जगात हे काम कसे होते?

अमेरिकेतील कामगार नेते आणि अराजकवादी जोसेफ लबाडी यांनी आयुष्यभर जमवलेली पत्रके, पत्रे आणि अंक १९११ मध्ये मिशिगन विद्यापीठाला दिले. पण कागद मिळाले म्हणजे संग्रह झाला असे होत नाही. १९२४ पासून अॅग्नेस इंग्लिस या कार्यकर्तीने ते लावण्याचे काम हाती घेतले आणि १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सुरू ठेवले. आज जगातील प्रमुख संग्रहांत त्याची गणना होते.

नेदरलँड्समधील अॅमस्टरडॅम येथे १९३५ मध्ये सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, तेव्हा नाझी राजवटीपासून डाव्या चळवळींचे कागद वाचवणे हे तातडीचे काम होते. मार्क्स आणि एंगल्स यांची कागदपत्रे तेथेच आहेत. कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या हस्तलिखिताचे उरलेले एकमेव पान २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट झाले. १८४८ मध्ये लंडनमध्ये छापलेला मूळ जाहीरनामा अवघ्या २३ पानांचा होता.

दलित पँथरला ज्यांच्याकडून नाव सुचले, त्या अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे वृत्तपत्र एप्रिल १९६७ मध्ये चार पानांच्या हातछपाईच्या अंकाने सुरू झाले. पुढे ते २५ सेंटला रस्त्यावर विकले जाई. एमरी डग्लस यांची चित्रे अंकातून काढून भिंतीवर लावली जात. तेच अंक आज विद्यापीठे आणि कलादालने जपून ठेवतात.

संग्रह करणे म्हणजे चळवळीचा बाजार मांडणे नाही का?

हा आक्षेप जुना आहे. मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेचा ताबा घेऊन विद्यार्थी आणि कामगारांनी 'आतलिए पॉप्युलेर' या सामूहिक कार्यशाळेत पोस्टर छापली. त्यावर कोणाची सही नसे. ही पोस्टर शोभेची वस्तू म्हणून वापरू नयेत, त्यांची जागा कारखान्यात आणि रस्त्यावर आहे, अशी त्यांची भूमिका होती. तीच पोस्टर आज लिलावात विकली जातात.

किंमत वाढली की जुना कागद रद्दीतून वाचतो, हे खरे. पण तो खासगी कपाटात बंद होण्याचीही शक्यता वाढते. शिवाय एकाच घरातील साठा सुटा सुटा विकला गेला की कोणते पत्रक कोणाकडे, कोणत्या कागदांसोबत होते हा संदर्भ कायमचा तुटतो. अभ्यासकाच्या दृष्टीने हे नुकसान कागद फाटण्याएवढेच मोठे असते. त्यामुळे विक्री होणार असली तरी आधी पूर्ण साठ्याची यादी आणि स्कॅन करणे हा मधला मार्ग ठरतो.

अस्सल प्रत कशी ओळखायची?

छपाई आणि कागद दोन्ही बोलतात. खिळ्यांच्या छपाईत अक्षराचा दाब कागदाच्या मागे बोटाला जाणवतो. ऑफसेटमध्ये पृष्ठभाग सपाट असतो आणि छायाचित्र भिंगाखाली ठिपक्यांचे दिसते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून साधारण १९५० नंतर मिसळली जाऊ लागलेली रसायने अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. १९२० चा म्हणून दाखवलेला कागद असा चमकला तर तो नंतरचा असण्याची दाट शक्यता असते.

मजकुरातही खुणा असतात. 'नये पैसे' हा शब्द १ एप्रिल १९५७ ते १९६४ या काळातला. त्याआधी किंमत आण्यात असे. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. १८६७ च्या कायद्यानुसार छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण असणे बंधनकारक होते. ते नसेल तर पत्रक गुप्तपणे छापलेले असू शकते किंवा नंतरची नक्कलही असू शकते. म्हणून एका खुणेवर निष्कर्ष काढला जात नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक किंवा साहित्यिक मूल्य असलेला ७५ वर्षे जुना दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतो. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही. त्यामुळे जुना कागद परदेशी खरेदीदाराला टपालाने पाठवण्यापूर्वी चौकशी आवश्यक आहे. एखादे प्रकाशन जप्त घोषित करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. तसेच मूळ प्रत हाती असणे म्हणजे मजकुराचा हक्क मिळणे नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क कायम असतो.

घरात असे कागद सापडले तर काय करावे?

आजोबांची ट्रंक किंवा माळ्यावरची पेटी उघडल्यावर पहिली चूक होते ती साफसफाईची. कागद आहेत त्याच क्रमाने ठेवून आधी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. दिवसाच्या प्रकाशात, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंची. मागच्या कोऱ्या बाजूवर शिक्का, तारीख किंवा हिशेब असू शकतो. स्कॅनर असेल तर किमान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करावे.

फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद काही वर्षांत कागद तपकिरी करतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. गंजलेल्या पिना हळुवार काढाव्यात. कागद आम्लमुक्त फोल्डरमध्ये, सपाट आणि ओलीपासून दूर ठेवावेत.

सर्वात महत्त्वाची नोंद कागदाबाहेरची असते. हे पत्रक घरात कोणी आणले, ती व्यक्ती कोणत्या संघटनेत, गिरणीत किंवा वस्तीत होती, हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे. पँथरच्या पहिल्या पिढीतील आणि आणीबाणीत भूमिगत काम केलेल्या कार्यकर्त्यांनी आता वयाची सत्तरी ओलांडली आहे. पत्रक आणखी काही वर्षे टिकेल, पण ते कोणी, कसे आणि कोणासाठी छापले हे सांगू शकणाऱ्यांना विचारण्याची वेळ आत्ताच आहे.