आठवीची पहिली भाषा कोणती?

मे महिना उतरणीला लागला, की बेळगावच्या कॅम्पातील मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो. मुलगा सातवी उतरला. आता हायस्कुलात पहिली भाषा कोणती घ्यावी? कोल्हापूरकरांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या किती लेकी बेळगाव-निपाणीस दिल्या आहेत आणि तिकडच्या किती सुना आपल्याकडे नांदत आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण सुट्टीत आजोळी आलेला नातू मराठी मासिक हाती घेऊन ‘आजी, हे तूच वाचून दाखव’ म्हणतो, तेव्हा तो प्रश्न आपल्याही माजघरात येऊन बसतो.

कॅम्प ही वस्तीच मुळी बहुभाषी. इंग्रजांची ही छावणी. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे आले. सेंट पॉल्स हायस्कूल तर 1856 सालचे. येथले मराठी पोर आईशी मराठी, बाजारात कानडी, मैदानावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलते, व त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्याला वाटतही नाही. शब्दांची देवाणघेवाण तर आपल्या सर्वांच्याच घरी झालेली आहे. अण्णा, अक्का कानडीतून आले. आपले तूप म्हणजे तिकडचे ‘तुप्प’. मौज अशी, की आपण थोरल्या बहिणीला ताई म्हणतो आणि कानडीत ‘तायि’ म्हणजे आई!

बोलण्यात सुखाने नांदणाऱ्या या भाषा वेळापत्रकात शिरल्या, की मात्र भांडू लागतात. पाट तीन आणि पंक्तीला पाहुण्या चार, असा हा प्रकार आहे. कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेत पहिल्या भाषेला 125 आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेला प्रत्येकी 100 गुण, अशी वाटणी कित्येक वर्षे चालत आली आहे. 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने कानडी ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांत सक्तीची झाली. तो पहिलीच्या वर्गापासून वर चढत गेला. 2015 साली पहिलीत बसलेली मुले 2025 साली दहावी झाली. इंग्रजी तर कोणीच सोडणार नाही. तेव्हा मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी, कानडी, इंग्रजी असे तिन्ही पाट भरतात आणि हिंदी बाहेर राहते. इंग्रजी माध्यमात इंग्रजी पहिली, कानडी दुसरी, तिसरी बहुधा हिंदी. तेथे मराठी उपाशी उठते.

येथे पालकांची एक गल्लत होते. माध्यम निराळे आणि भाषाविषय निराळा. मातृभाषेचे माध्यम सरकारला लादता येणार नाही, ही निवड पालकांची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. पण त्याने कोणत्याही शाळेवर मराठी विषय ठेवण्याचे बंधन येत नाही. घटनेचे 350-अ कलम 1956 साली आले. तेही मातृभाषेतील शिक्षणाची सोय प्राथमिक शाळेपुरतीच सांगते. म्हणजे आठवीच्या उंबऱ्यावर मराठी मूल पोचते, तेव्हा कलमाचे छत्र मागे राहिलेले असते.

सीमेचा वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. 1967 साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्रास व बेळगाव तत्कालीन म्हैसूरकडे ठेवावे असे सुचविले, महाराष्ट्राने ते मानले नाही, 2004 साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. निकालाची वाट पाहता पाहता मुलांच्या पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या. मुलाला आठवी एकदाच असते.

कानडीविषयी रुसून बसण्यात तर काडीचाही अर्थ नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. 1973 चे ज्ञानपीठ त्यांना कानडी काव्याबद्दल मिळाले. त्याच वर्षी साहित्य अकादमीने ‘काजळमाया’ला पुरस्कार दिला. तिचे लेखक जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढलेले आणि धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकविणारे. (जी. एं.नी तो पुढे परत केला, ती हकीकत निराळी.) एकाच गावी राहून एकाने शेजारची भाषा आपली केली, दुसऱ्याने घरची सोडली नाही.

आमचे मत विचाराल, तर शाळेत मराठी पहिली भाषा म्हणून मिळत असेल, तर ती सोडू नये. हिंदी कॅम्पातल्या पोराला मैदानावर मिळतेच, व तिची लिपीही मराठीचीच. कानडी लिपी मात्र लवकर हाती बसवावी. तिच्यात ए आणि ओ ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही असतात आणि नेमके तेथेच आपली मुले अडखळतात. कोल्हापूरकडून बदलीवर जाऊन एकदम आठवीत बसणाऱ्या मुलाला हे फार जड जाते. त्याने निदान सुट्टीभर पाटी गिरवावी.

मराठीची सोयच नसेल, तर ती घरी करावी लागेल, आणि ती नुसत्या बोलण्याने होत नाही. बोलणे टिकते, पण वाचन सुटते. तेरा-चौदा वर्षांचे वय म्हणजे मुलाने कथा-कादंबरीत स्वतःहून शिरण्याचे वय. ते इंग्रजीतच गेले, की पुढे मराठी पुस्तक जड वाटू लागते. निपाणीच्या मुलांना यात एक वाट आहे: देवचंद कॉलेज सीमेपलीकडे अर्जुननगरात, म्हणजे आपल्या कागल तालुक्यात असून ते शिवाजी विद्यापीठाशी जोडलेले आहे. कॅम्पातल्या मुलाला अशी हाकेच्या अंतरावरची सोय नाही. त्याच्या पालकांनी अर्ज भरण्याआधीच शाळेत जाऊन, मराठीचे शिक्षक आहेत काय आणि दहावीपर्यंत वर्ग चालणार आहे काय, हे दोन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारावेत. आणि मुलालाही बरोबर न्यावे.