दोन मानपाडे आणि एक जाहिरात

(तृतीय वर्ष कला, मराठी)

"तू त्या ऑफिसात नक्की काय काम करतेस?" हा प्रश्न गेल्या दीड वर्षात मला इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा लिहूनच काढावे असे बरेच दिवस मनात होते. आजीला वाटते, मी टायपिंग करते. शेजारच्या काकांना वाटते, मी दिवसभर मोबाइल बघण्याचा पगार घेते. आणि आमच्या मराठी विभागातल्या सरांनी एकदा जिन्यात थांबवून विचारले होते, "मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला तिथे काय काम असते?" वार्षिकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा ठरवले की, तिघांनाही एकदमच उत्तर द्यावे.

माझे कॉलेज सकाळचे. दुपारी एक ते सात मी डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यावरच्या एका छोट्या ऑफिसात असते. खाली भांड्यांचे दुकान, वर आम्ही पाच जण, पाच संगणक आणि वीज गेल्यावर पाचांपैकी दोनच चालू ठेवणारा एक इन्व्हर्टर. दारावर 'डिजिटल मार्केटिंग' अशी पाटी आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर दुसऱ्यांच्या मालाची इंटरनेटवर जाहिरात करणे हा आमचा धंदा.

जाहिरात ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईत बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ सालापासून हाच व्यवसाय करत आली. पण वर्तमानपत्रातली जाहिरात म्हणजे जागेचे भाडे. चौकट विकत घ्या, मग ती कोणी वाचो वा न वाचो. इंटरनेटवरही आरंभी तसेच होते. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन नियतकालिकाच्या संकेतस्थळावर ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीची पट्टीवजा जाहिरात झळकली; या प्रकारच्या अगदी पहिल्या जाहिरातींत ती गणली जाते. आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे १९९८ मध्ये 'गोटू' नावाच्या अमेरिकन कंपनीने वेगळी शक्कल काढली. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत. कोणी तिच्यावर क्लिक केले तरच पैसे. गूगलने आपला जाहिरात विभाग २००० साली सुरू केला आणि २००२ मध्ये हीच क्लिकमागे पैशाची पद्धत लिलावासह स्वीकारली. आज माझी दुपार जाते ती या लिलावात.

हा लिलाव कसा चालतो, ते सांगते. तुम्ही मोबाइलवर 'भाजणीची चकली' असे शब्द टाकून शोध घेतला की उत्तरे येण्याच्या आधी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, त्या शब्दांवर बोली लावणाऱ्या सर्व जाहिरातदारांचा लिलाव होऊन जातो. कल्याणच्या बाजारसमितीत जास्त बोली लावणाऱ्याला माल मिळतो. इथे तेवढ्याने भागत नाही. विचारलेल्या शब्दांशी जाहिरात कितपत जुळते, लोक तिच्यावर क्लिक करण्याचा संभव किती, क्लिक केल्यावर उघडणारे पान कामाचे आहे की नाही, हेही तोलले जाते. म्हणून दहा रुपयांची बोली लावणारा नीटनेटका जाहिरातदार पंधरा रुपयांच्या गबाळ्या जाहिरातदाराच्या वर जाऊ शकतो. शिवाय बोली दहाची असली तरी दहा रुपये द्यावेच लागतात असे नाही. खालच्या जाहिरातदाराच्या वर राहण्यापुरते पैसे कापले जातात.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळते. बोली लागते ती शब्दांवर. कोणते शब्द घ्यायचे आणि कोणते टाळायचे, हे ठरवणे माझे मुख्य काम. शब्दशक्ती शिकवताना सरांनी अभिधा, लक्षणा, व्यंजना सांगितल्या होत्या. परीक्षेपुरते पाठ करून मी त्या विसरणार होते, पण ऑफिसात त्या रोज भेटतात. 'चकली' हा शब्द घ्या. 'चकली कशी करावी' असे लिहिणाऱ्या बाईला चकली विकत नको आहे. तिचा सोऱ्या फडताळातून निघालेला आहे. 'चकली बिघडली तर काय करावे' हे विचारणारीला तर आपली जाहिरात म्हणजे जखमेवर मीठ. 'चकली किलोचा भाव' विचारणारा घेईलही, पण तो चार ठिकाणी विचारणार. 'चकली घरपोच डोंबिवली' लिहिणारा मात्र आपला. चौघांच्या तोंडी शब्द एकच, मनात चार गोष्टी. पहिल्या तिघांनी क्लिक केले तरी प्रत्येकी आठ रुपये जातात ते जातातच. म्हणून 'कशी करावी', 'रेसिपी', 'सोऱ्या', 'नोकरी' असे शब्द आम्ही वर्ज्य यादीत घालतो. हे शब्द शोधात आले की आपली जाहिरात दिसत नाही. त्यात पुन्हा आपली माणसे मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात. 'भाजणी'ची मी आजवर सात रोमन रूपे मोजली आहेत.

वर ज्या चकलीचे उदाहरण दिले ती खरी आहे. गेल्या दिवाळीच्या महिनाभर आधी मानपाडा रस्त्यावरच राहणाऱ्या एक काकू ऑफिसात आल्या. घरी फराळाचे पदार्थ करून विकतात. सोसायटीतली गिऱ्हाइके होती, ती वाढवायची होती. पर्समधून पाकीट काढून त्यांनी पाच हजार रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे भिशीचे आहेत हं. यांना सांगितलेलं नाही. नीट लाव." रोज दोनशे रुपये याप्रमाणे पंचवीस दिवस जाहिरात चालवायची असे ठरले. काम माझ्याकडे आले.

मी शब्द निवडले, वर्ज्य यादी केली, जाहिरातीच्या तीन ओळी दहादा खोडून लिहिल्या. मग आला ठिकाणाचा रकाना. जाहिरात कुठल्या भागात दिसावी हे तिथे सांगायचे असते. मी 'मानपाडा' टाइप केले. खाली पर्याय आला, 'मानपाडा, ठाणे, महाराष्ट्र'. मी तो निवडला. डोंबिवली ठाणे जिल्ह्यातच आहे, तेव्हा शंका येण्याचे कारण नव्हते.

आमच्या वाचकांपैकी जे घोडबंदर रस्त्याने येतात, त्यांच्या लक्षात चूक आलीच असेल. मानपाडे दोन आहेत. एक आमचे, कल्याण-शीळ रस्त्यालगतचे. दुसरे ठाणे शहरातले, घोडबंदर रस्त्यावरचे, ज्याला चितळसर-मानपाडा म्हणतात. पाडा म्हणजे छोटी वस्ती. या बाजूला पाडे पुष्कळ, त्यामुळे नावांची पुनरुक्तीही पुष्कळ. दोन्ही एकाच जिल्ह्यात, पण एक ठाणे महापालिकेत, दुसरे कल्याण-डोंबिवलीत. एकाचा पिनकोड ४००६ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ४२१२ ने. मेट्रोच्या चौथ्या आणि बाराव्या अशा दोन वेगळ्या मार्गिकांच्या आराखड्यांतही मानपाडा नावाची स्थानके आहेत. मध्ये खाडी आहे. इकडून तिकडे जायचे तर लोकलने ठाणे गाठून पुढे बस धरावी लागते. चकलीची पिशवी घेऊन हा प्रवास कोणी करत नाही.

सहा दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला. "अगं, फोन खूप येतात, पण सगळे ठाण्याचेच कसे? 'घोडबंदरला पोचवता का' म्हणून विचारतात आणि ठेवून देतात." मी नकाशा उघडला आणि हातपाय गार पडले. बाराशे रुपये संपले होते. दीडशे क्लिक झाले होते आणि ते जवळजवळ सगळे खाडीपलीकडचे होते. चौदा फोनांपैकी तीनच डोंबिवलीचे, आणि त्यांतून ऑर्डर एक.

मी सरांना (म्हणजे ऑफिसातल्या सरांना) सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठिकाण बदल आणि पुढे चल. आठवड्याच्या अहवालात क्लिक दाखव. बाराशेत दीडशे क्लिक म्हणजे आकडा वाईट नाही."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि अडचण तिथेच होती. आमच्या धंद्यात खोटे आकडे लिहिण्याची गरज सहसा पडत नाही. जाहिरात किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केले, एका क्लिकला किती पैसे पडले, असे पंधरावीस आकडे तयार असतात. त्यांतले सोयीचे चार उचलायचे आणि रंगीत आलेख काढायचा. प्रत्येक आकडा खरा असतो आणि अहवाल खोटा. समोरच्या माणसाला कोणता आकडा मागावा हेच माहीत नसते. काकूंनी 'क्लिक कुठून आले' असे विचारले नसते. 'आता ठाण्याचे फोन बंद झाले, छान' म्हणून त्या गप्प बसल्या असत्या.

संध्याकाळी सात वाजता मी घरी न जाता त्यांच्याकडे गेले. त्या भाजणी चाळत होत्या. मी दोन मानपाड्यांची हकिगत सांगितली.

"म्हणजे बाराशे रुपये ठाण्याला गेले?"

"हो काकू. चूक माझी आहे."

चाळणी थांबली. "बाराशेची भाजणी किती होते, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हते. त्यांनी सांगितलेही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उरलेल्यांचं काय करणार ते सांग." मी मोबाइलवर नकाशा काढून त्यांच्या इमारतीवर खूण केली आणि भोवती चार किलोमीटरचे वर्तुळ काढून दाखवले. आणखी एक गोष्ट तेव्हाच दुरुस्त केली. आपण काही न बदलल्यास त्या रकान्यात 'या ठिकाणी असलेले किंवा या ठिकाणात रस दाखवणारे' असा पर्याय आपोआप निवडलेला असतो. म्हणजे पुण्यात बसून डोंबिवलीतले फ्लॅट शोधणाऱ्यालाही चकली दिसू शकते. मी 'फक्त या ठिकाणी असलेले' असे केले. शिवाय येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला 'कुठून कळलं' हे विचारून वहीत लिहायला काकूंना सांगितले.

पुढच्या एकोणीस दिवसांत क्लिक महाग झाले; आठाचे अकरा रुपये पडू लागले. पण दिवाळीच्या आदल्या दिवशी काकूंच्या वहीत एकेचाळीस ऑर्डरी होत्या आणि त्यांतल्या तेवीस जणांपुढे 'मोबाइल' असे लिहिले होते. बाकीचे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आलेले. ती वही माझ्या दृष्टीने कोणत्याही रंगीत आलेखाहून मोलाची आहे. सरांनी ऑफिसच्या शुल्कातून बाराशे रुपये कमी केले. त्यातले निम्मे माझ्या पगारातून गेले. तक्रार नाही.

रोजच्या कटकटी मात्र याहून किरकोळ आणि न संपणाऱ्या असतात. "दिवसाला दोनशे ठरले होते, काल तीनशे सत्तर कसे गेले?" हा फोन आठवड्यातून एकदा ठरलेला. गर्दीच्या दिवशी गूगल ठरलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पटींपुढे जात नाही. हे मी तोंडपाठ सांगते आणि समोरचा म्हणतो, "ते मला नका सांगू." काही मालक आपली जाहिरात दिसते का हे दिवसातून वीस वेळा शोधून बघतात. न क्लिक करता नुसते बघत राहिले की यंत्राला वाटते, या माणसाला यात रस नाही, आणि ते त्याला जाहिरात दाखवणे बंद करते. मग मालक आमच्यावर चिडतो. काहींना जाहिरातीखालच्या, बिनपैशाच्या उत्तरांतही पहिला क्रमांक हवा असतो. तो विकत मिळत नाही. २०११ आणि २०१२ मध्ये गूगलने 'पांडा' आणि 'पेंग्विन' नावाचे मोठे बदल केले, तेव्हा उसनवारीचा मजकूर आणि बनावट दुवे यांवर वर चढलेली कित्येक संकेतस्थळे खाली आली. असे बदल अजूनही होतात आणि त्या सकाळी आमचे सगळे फोन एकदम वाजतात.

सर्वांत जड जाते ती खोट्या अभिप्रायांची मागणी. "तुम्ही पाच जण आहात, पाच-पाच तारे देऊन टाका ना!" असे लोक सहज म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले, त्याचा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. मानक ऐच्छिक आहे. पण 'नाही' म्हणताना हाताशी काहीतरी असावे लागते. नाही म्हटल्यामुळे एक गिऱ्हाईक गेलेही. सर त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत.

असो. तर आजी, मी टायपिंग करते हे खरेच आहे. काका, मोबाइलही बघते. आणि सर, मराठीच्या मुलीचे तिथे काम असते ते एवढेच: एका शब्दाआड माणसाला काय हवे आहे ते ओळखायचे, आणि एकाच नावाची दोन गावे असली तर आपले कोणते ते विचारून घ्यायचे. दुसरा धडा मला बाराशे रुपयांना पडला. यंदा काकूंनी भिशी पुन्हा लावली आहे आणि या वेळी घरात सांगून.