पिंजऱ्यात हजार, जंगलात किती? – एडवर्ड्स फेझंट



मोर आणि रानकोंबडा तुमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याच कुळातला एक दुर्मीळ पक्षी आज पाहू. त्याचं नाव एडवर्ड्स फेझंट.

ओळख
हा पक्षी फक्त मध्य व्हिएतनाममधला. नराचा रंग चमकदार गडद निळा, डोक्यावर छोटा पांढरा तुरा, चेहरा आणि पाय लाल. मादी मात्र साधी, तपकिरी. आकार साधारण कोंबडीएवढा. 1896 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं.

संकट कशामुळे आलं?
हा पक्षी डोंगरमाथ्यावर नाही, तर पायथ्याच्या दाट, दमट जंगलात राहतो. नेमकं तेच जंगल शेतीसाठी आणि लाकडासाठी आधी तुटलं. युद्धकाळात विमानांतून झाडं मारणारी रसायनंही फवारली गेली. उरलेल्या जंगलात शिकारी तारेचे फास लावतात. फास लावला जातो रानडुकरासाठी, पण त्यात पाय कोणाचाही अडकतो. जमिनीवर चालत दाणे-किडे टिपणारा हा पक्षी त्यातून कसा सुटणार? सन 2000 नंतर तो जंगलात दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही. 2012 पासून तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे.

मग संपला का?
नाही! 1920 च्या दशकात झां देलाकूर या पक्षितज्ज्ञाने काही पक्षी युरोपात नेले होते. त्यांचेच वंशज आज जगभरच्या पक्षिगृहांत आहेत, हजाराच्या आसपास. पण इथेच खरी अडचण आहे. मूळचे पक्षी मोजकेच, त्यामुळे सगळे एकमेकांचे नातलग!

याची एक गंमतशीर गोष्ट सांगते. शेपटीत पांढरी पिसं असलेला असाच एक फेझंट व्हिएतनाममध्ये सापडला आणि 1975 मध्ये त्याला नवी जात मानलं गेलं. पुढे तपासणीत कळलं, की तो एडवर्ड्स फेझंटच आहे! जवळच्या नात्यात पिढ्यानपिढ्या प्रजनन झाल्याने ती पिसं आली होती. म्हणजे ‘नवी जात’ ही खरं तर धोक्याची घंटा होती.

आता व्हिएतनाममध्येच या पक्ष्यांची पैदास करून त्यांना जंगलात सोडायची तयारी चालू आहे. पण फास तसेच राहिले, तर सोडलेले पक्षी किती दिवस टिकतील? म्हणून पक्षी वाढवणं आणि जंगल सुरक्षित करणं, दोन्ही कामं सोबतच व्हायला हवीत.

विचार करा व लिहा
1) फास ‘निवड’ का करू शकत नाही?
2) पिंजऱ्यातला पक्षी ‘वाचला’ असं म्हणता येईल का? तुमचं मत पाच ओळींत लिहा.