मार्जारांतील ॲलर्जीजन्य त्वग्विकार : निदान आणि आपल्या मर्यादा

घरी मांजर पाळणारे रुग्ण आपली औषधे घेऊन झाल्यावर दाराशी थबकतात आणि विचारतात, "वैद्यराज, मांजरीचे केस जात आहेत, एखादा लेप द्याल का?" काही वर्षांपूर्वी अशाच एका विनंतीवरून आम्ही कंडूघ्न म्हणून कर्पूरयुक्त तैल दिले. मांजरीने ते रात्रभर चाटले व पहाटे तिला कंप सुटला. पशुवैद्यकांच्या त्वरित उपचारांमुळे ती वाचली. आमच्या हातून घडलेला हा प्रमाद अन्य वैद्यबंधूंकडून घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

मांजराची कंडू सहज ध्यानात येत नाही. कुत्रे सर्वांसमक्ष खाजवते, तर मांजर एकांतात चाटत राहते. जिभेवरील काट्यांनी केस तुटतात आणि मालक 'केसगळती' सांगतो. उरलेले केस आखूड व तुटक असून हाताला खरखरीत लागले, तर ती गळती नसून कंडू आहे असे समजावे. याखेरीज पाठीवर व शेपटीच्या मुळाशी बाजरीच्या दाण्यांएवढ्या खपल्या, डोके व मान ओरबाडल्याच्या जखमा, वरच्या ओठावरील व्रण, पोटावर किंवा मांडीच्या आतील बाजूस उंचावलेले ओलसर लाल चट्टे अशी लक्षणे आढळतात. एकाच मांजरात यांपैकी दोन-तीन एकत्रही असू शकतात.

हेतूंचा विचार करता प्रथम पिसू. तिच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मांजराला थोडे दंशही पुरतात आणि चाटण्यात पिसवा गिळल्या गेल्याने त्या दिसत नाहीत. बारीक फणीने निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी. तांबडा डाग उमटल्यास ती रक्त पचवलेली पिसवांची विष्ठा होय. पिसवांची अंडी व कोष अंथरुणांत आणि फरशीच्या भेगांत असतात, म्हणून घरातील सर्व प्राण्यांवर व घरावर एकाच वेळी, सलग काही महिने उपाय करावा लागतो. मात्र कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास प्राणघातक ठरते.

दुसरा हेतू आहार. मांस, मासे, कोंबडी यांपैकी नित्याचे अन्न बंद करून पूर्वी कधी न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार निदान ८ आठवडे द्यावा आणि नंतर जुने अन्न पुन्हा देऊन लक्षणे उलटतात का ते पाहावे. येथे आपल्या शास्त्राच्या सवयी आड येतात. मांजराला लंघन देऊ नये. विशेषतः स्थूल मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तरी यकृतात मेद साचून प्राणावर बेतू शकते. केवळ दूध-भाताचे 'पथ्य'ही नको, कारण टॉरिन हे तिला आवश्यक द्रव्य मांसाहारातूनच मिळते.

हे दोन्ही हेतू वगळल्यावर धूलिकीटक, परागकण इत्यादींची ॲलर्जी उरते. तेथे पशुवैद्यक प्रेडनिसोलोन वा सायक्लोस्पोरिन योजतात.

निदानपरिवर्जन हे तत्त्व येथे पूर्णतः लागू पडते, द्रव्ये मात्र जशीच्या तशी लागू पडत नाहीत. हस्ती व अश्व यांच्या चिकित्सेची आपली परंपरा थोर खरी, परंतु तिच्या आधारे मार्जाराची मात्रा ठरवता येत नाही. अनेक द्रव्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता अत्यल्प आहे. म्हणूनच पॅरासिटामॉलची एक गोळीही तिला मारक होते. कर्पूर, सुगंधी तैले आणि लसूण ही सर्व वर्ज्य. त्वचेवर लावलेले तिच्या पोटात जाणारच, हे गृहीत धरावे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ लक्षात घेताही चिकित्सेसाठी नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे पाठवणे हेच उचित.

एक गोष्ट मात्र आपल्याच चिकित्सालयात करण्याजोगी आहे. हातावर वा मानेवर वर्तुळाकार दद्रू घेऊन आलेल्या रुग्णास, विशेषतः बालकास, घरी मांजर आहे का हे विचारावे. असल्यास आणि तिचेही केस जात असल्यास ॲलर्जी म्हणून थांबू नये. मांजराची बुरशीची तपासणी होईपर्यंत मुलाच्या अंथरुणात तिला येऊ देऊ नये.