सायकलस्वार, शिरस्त्राण आणि बिल्ला



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज सायकलीसारखे साधे वाहन विषयासाठी निवडले आहे. आदिलाबादेच्या परिसरातील बेला, जैनथ, तलमडगू या भागांतून शाळेत येणाऱ्या कित्येक मुलामुलींचे शिक्षण सायकलीच्या दोन चाकांवर चालते. त्यामुळे या वाहनावर कोणते बंधन घालावे, हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती असावी काय, सायकलीची नोंदणी व्हावी काय आणि रस्ता वापरल्याबद्दल त्याने कर द्यावा काय, असे तीन प्रश्न अधूनमधून एकाच दमात विचारले जातात. वस्तुतः त्यांचे हेतू भिन्न आहेत. शिरस्त्राण जीवरक्षणासाठी असते, नोंदणी ओळखीसाठी असते आणि कर रस्त्याच्या खर्चासाठी असतो. म्हणून त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणे शोधली पाहिजेत.

प्रथम कायदा पाहू. १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांसाठी आहे. नोंदणीची आणि हेल्मेटची त्यातील सक्ती पायाने चालवायच्या सायकलीस लागू होत नाही. कराची गोष्ट मात्र निराळी. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ५७ व्या नोंदीनुसार यंत्राने चालणाऱ्या वा न चालणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांवर कर बसविता येतो. म्हणजे सायकलीवर कर बसविणे घटनेला अमान्य नाही. तो बसवावा काय, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. सायकलींचे शहर म्हणून ख्यातनाम असलेल्या पुण्यात नगरपालिकेचा सायकल कर भरून धातूचा बिल्ला घ्यावा लागे व तो सायकलीवर लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसविले, तर पोलीस अडवीत. जुन्या पिढीच्या बोलण्यात हा बिल्ला अजून येतो; रस्त्यावरून तो केव्हाच नाहीसा झाला. परदेशांतही हेच घडले. नेदरलँड्समध्ये १९२४ साली सुरू झालेला सायकल कर १९४१ मध्ये रद्द झाला. कॅनडातील टोरांटो शहराने १९३५ पासून चालविलेली परवानापद्धती १९५७ मध्ये बंद केली. कोवळ्या वयातील मुले नकळत कायदा मोडणारी ठरतात, हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. स्वित्झर्लंडनेही २०१२ पासून सायकलीची वार्षिक चिकटपट्टी बंद केली. कर अल्प असतो, वाहने असंख्य असतात, ती वारंवार हात बदलतात. अशा वेळी नोंदवही अद्ययावत ठेवण्याच्या खर्चापुढे उत्पन्न तोकडे पडते.

‘रस्ता वापरतो, मग कर का नको?’ हा आक्षेप तरीही न्याय्य वाटतो. त्याचे उत्तर रस्त्याच्या झिजेत आहे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचण्यांतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला, की झीज सुमारे सोळापट होते. भार शंभरपट झाला, तर ती दहा कोटीपट होते. मालमोटारीच्या एका आसावर दहा-अकरा टन भार असतो, तर सायकलीच्या चाकावर अर्ध्या क्विंटलच्या आसपास. तेव्हा झिजेच्या हिशेबाने सायकलस्वाराचे देणे शून्यवतच निघते. शिवाय सायकल विकत घेताना तो वस्तू व सेवा कर भरतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने तो १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, हे योग्यच झाले. सूर्य जल शोषतो ते सहस्रपटीने परत देण्यासाठी, अशी उपमा कालिदासाने ‘रघुवंशा’त दिलीप राजाच्या करनीतीस दिली आहे. ज्याला रस्त्यावर स्वतःची पट्टीही मिळत नाही, त्याच्याकडून कर घेताना ही उपमा आठवावी.

आता शिरस्त्राणाकडे वळू. येथे मात्र विरोधकांनीही तथ्य मान्य केले पाहिजे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चाळीस अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते, असे आढळले. हेल्मेटमधील फेसाचा थर स्वतः चिरडतो आणि आघात कवटीपर्यंत कमी वेगाने पोहोचू देतो. परंतु युरोपीय मानकानुसार त्याची कसोटी सुमारे दीड मीटर उंचीवरून पडण्याच्या आघाताची आहे. घसरून पडणाऱ्याला ते वाचवील; भरधाव मालमोटारीच्या धडकेपुढे त्याच्याकडून फारशी आशा ठेवता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० साली जगात प्रथम सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. डोक्याच्या दुखापती घटल्या. पण मेलबर्नमधील गणनेत किशोरवयीन सायकलस्वारही कमी झालेले दिसले. यांपैकी कोणती घट कशामुळे झाली, याविषयी अभ्यासकांत अद्याप वाद आहे. आपल्याकडे मात्र दुसऱ्या घटीची किंमत फार मोठी आहे. बिहारने २००६ पासून नववीतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला आणि तेथील माध्यमिक शाळांतील मुलींचे प्रमाण जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढले. सक्तीचा दंड ज्या घराला परवडत नाही, त्या घरातून पहिली सायकल बंद होईल ती मुलीचीच.

माझे मत थोडक्यात असे. नोंदणी आणि कर नकोत. शिरस्त्राण जरूर असावे, परंतु ते शिकवणीने यावे, दंडाने नव्हे. दिवा, ब्रेक, घंटी आणि मागील परावर्तक यांबाबत मात्र सायकलस्वाराने सबब सांगू नये. अंधारात न दिसणे हा त्याच्या हातातला दोष आहे. शासनाकडे मागणी करायची तर ती ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गालगत आणि शाळांच्या वाटांवर स्वतंत्र पट्टीची करावी. देशात दरवर्षी चार हजारांहून अधिक सायकलस्वार अपघातांत प्राण गमावतात, ते बिल्ला नसल्यामुळे नव्हे.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एकच सुचवितो. महामार्ग ओलांडून येणाऱ्या मुलामुलींची यादी गुरुजनांकडून घ्यावी आणि प्रत्येकास एक हेल्मेट व एक मागचा दिवा द्यावा. स्मृती जपण्याचा याहून उपयुक्त मार्ग मला दिसत नाही.